डोणीतला धावडा

त्या दुपारी आप्पांनी वच्छलेच्या हातात सुतळीचं टोक दिलं आणि सांगितलं, "धर. पर ओढू नकू. नुसतं धर."

"धरायचं आन् ओढायचं न्हाई, तर मंग धरायचं कावून?"

"अगं, झाडाला वाटलं पायजे का आपुनच वाकलो. दुसऱ्यानं वाकवलं असं कळलं की मोडतं ते."

"माणसावानी."

"माणूस कुटं मोडतंय? माणूस नुसतं तोंड फुगवून बसतं," आप्पा म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हळूच हसले. दारात वच्छलेची आई, तुळजाबाई, उभ्या होत्या. भाकरी निवून चालली आहे हे त्या तोंडानं सांगत नव्हत्या. हातातल्या परातीवर बोटं वाजवून सांगत होत्या.

"आलो, आलो," आप्पा म्हणाले, पण उठले नाहीत.

माघ संपत आला होता. अंगणाच्या उगवतीच्या कोपऱ्यात धावडा सगळी पानं टाकून उभा होता. उंची जेमतेम गुडघ्याच्या वर आणि खोड माणसाच्या मांडीएवढं. साल पांढुरकी, जागोजागी खपल्या सुटलेली. कधीकाळी कुणाच्या कुऱ्हाडीनं अर्धं खोड तासून नेलं होतं. तिथं आत पोकळी पडून लाकूड हाडासारखं उघडं राहिलं होतं. त्या पोकळीच्या वरूनच एक लांब फांदी निघाली होती, आणि ती आप्पांना खाली, पाण्यावर वाकलेल्या गाईच्या मानेसारखी आणायची होती. फांदीला सुतळी काचू नये म्हणून त्यांनी मध्ये जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. मग सुतळीच्या दुसऱ्या टोकाला दगड बांधला, तो तळहातावर तोलला आणि इतक्या हळू सोडला की फांदी हलल्याचं वच्छलेच्या डोळ्यांना कळलंच नाही. हातातल्या सुतळीला तेवढं कळलं.

"आता पानं फुटंपस्तोर हिला असंच ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "फुटली की सोडायचं. न्हाईतर सुतळी रुतंल."

"मला कशाला सांगताय? तुमीच सोडाल की."

"मी इसरलो तर?"

"जेवण इसरता, झाड कवा इसरलाय?"

यावर परात मोठ्यानं वाजली आणि आप्पा उठले.

आप्पांचं, म्हणजे वच्छलेच्या वडिलांचं, उत्तरेश्वरराव देशमुखांचं हे वेड उभ्या वडवणी भागाला ठाऊक होतं. तरुणपणी वतनाच्या कामासाठी ते हैदराबादला गेले होते, तेव्हा तिथल्या एका नवाबाच्या देवडीत त्यांनी चिनी मातीच्या तबकात लावलेली, जहाजातून आलेली झाडं पाहिली. कडेवरच्या नातवंडाएवढी झाडं आणि वय मात्र पणजोबाचं. माळ्यानं त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. बाकीच्या त्यांनी एक पिंपळ, एक चिंच आणि एक आपटा मारून शिकून घेतल्या. मग मांजरसुंब्याच्या घाटात, कपारीत अडकलेला हा धावडा सापडला. शेळ्यांनी वर्षानुवर्षं शेंडा खाल्लेला, लाकूडतोड्यांनी तासलेला, तरी जिवंत. त्यांनी तो लगेच उपटला नाही. एका उन्हाळ्यात एका बाजूची मुळं तोडून माती परत लोटली, पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या बाजूची, आणि तिसऱ्या वर्षी गाडीत गवतावर निजवून आणला. देशमुख डोंगरात झुडपं उकरायला जातात म्हणून लोक हसले. एका कडेनं फुटलेली, जनावरांच्या पाण्याची दगडी डोण आप्पांनी पाथरवटाकडून तळाला भोकं पाडून घेतली आणि धावडा तिच्यात बसवला.

संध्याकाळी वच्छलेनं त्यांना पुण्याहून आलेलं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. ते गावात पोचेपर्यंत त्यातल्या लढाया संपलेल्या असत. नेहमीप्रमाणे दुसऱ्या रकान्यालाच आप्पांचे डोळे मिटले आणि नेहमीप्रमाणे तिनं वाचणं थांबवताच उघडले.

"वाच की. मी ऐकतोय."

"काय वाचलं सांगा बरं."

"राजे लोक भांडतेत," आप्पा म्हणाले. "रोज तेच आस्तंय." आणि पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले, तांब्या शेजारी ठेवला. वच्छला चहा घेऊन आली तेव्हाही ते तसेच बसलेले होते. तिनं कप खाली ठेवला, हाक मारली, आणि मग हाक मारायची थांबली.

*

पुढचे दिवस माणसांनी भरून गेले. वच्छलेनं पुष्कळ वाचलं होतं. दुःखाविषयीही वाचलं होतं. पण दुःख आलं की घरात इतकी चपला-वहाणांची गर्दी होते, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. रडणं तिला जमेना. आत्या, भिवराबाई, तेलगावाहून आल्या त्या वेशीपासूनच मोठ्यानं रडत आल्या, आणि वच्छलेला त्यांचा हेवा वाटला.

अंगणात आल्यावर भिवराबाई धावड्यासमोर थबकल्या. पदरानं नाक पुसलं.

"बगा, बगा, कसं वाळून गेलंय. धनी गेला आन् झाड बी गेलं. उत्तरेश्वराचा जीव हितंच गुतलाय गं!"

वच्छला म्हणाली, "आत्या, ह्या दिवसांत त्याची पानं गळतेतच."

पण ते कुणी ऐकलं नाही, कारण तोपर्यंत भिवराबाईंनी रांजणातून तांब्या भरून डोणीत ओतला होता. "घे रे भाऊ," त्या म्हणाल्या.

तिथून रीतच पडली. दारावर येणारं प्रत्येक माणूस आधी घरच्यांना भेटे आणि जाताना धावड्याला तांब्याभर पाणी घाली. आप्पांनी ज्यांची भांडणं मिटवली ते आले, ज्यांची मिटवली नाहीत तेही आले. मांजरसुंब्याकडचा एक म्हातारा धनगर तर चार कोस चालून आला, कुणाशी बोलला नाही, पाणी घातलं आणि गेला. बिनपानाच्या झाडाला पाणी लागत नाही. आप्पा या दिवसांत डोणीवर नुसता ओला हात फिरवीत. हे वच्छलेला माहीत होतं. पण तांब्या धरलेल्या त्या हातांना "नका" म्हणणं तिला झालं नाही. आप्पांवर इतक्या लोकांचं प्रेम होतं हे तिला आताच कळत होतं, आणि जे कळत होतं तेच झाडाला बुडवत होतं.

दहाव्याला नदीवर कावळा वाट बघायला लावील म्हणून सगळे धास्तावले होते. पत्रावळ खाली टेकायच्या आधीच कावळ्यानं घास नेला. "आप्पांनी कवा कुणाला ताटकळत ठिवलं न्हाई," वच्छलेचा धाकटा भाऊ अर्जुनराव घरी येऊन आईला म्हणाला.

वच्छलेच्या मनात मात्र एक गोष्ट अडकून राहिली होती. ती सोळा वर्षांची असताना तिचा नवरा प्लेगात गेला. सासरी तिला जात्याला जुंपली. उरलंसुरलं खायचं आणि गोठ्याशेजारी निजायचं. वर्षभरानं एका सकाळी सासरच्या दारात आप्पांचा आवाज आला होता, "माझी लेक न्यायला आलोय." तेवढंच. भांडण नाही, चढा आवाज नाही. घरी आणून त्यांनी तिला बाराखडीपासून पुन्हा बसवलं, मोडी शिकवली, पुण्याहून पुस्तकं मागवली. आज तिनं पस्तिशी ओलांडली होती. इतक्या वर्षांत त्याबद्दल तिनं आप्पांना एक शब्द म्हटला नव्हता. त्यांच्या घरात असं कुणी कुणाला म्हणत नसे. सुतळी धर म्हणाले की धरायची, तेच म्हणणं.

*

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले, ओसरीवर घरचीच माणसं उरली. बद्रीनाथकाका पान जुळवीत होते. आप्पांचे हे धाकटे भाऊ. बीडच्या कचेरीत त्यांची ऊठबस होती आणि तिथली उर्दूमिश्रित बोली तोंडात बसली होती.

"अर्जुना, एक मुद्द्याची गोष्ट," त्यांनी सुरुवात केली. "बीडचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर आलते तवा झाडावर किती फिदा झालते, आठवतंय का? दादांनी तवा गोड बोलून टाळलं. आता तू वारस. तुझं नाव लागायचंय वतनाला. उद्या गाडीत घालून झाड साहेबाच्या बंगल्यावर पोचतं करू. नजराणा म्हून. कसं?"

अर्जुनरावानं पानाचा डबा काकांकडे सरकवला. मग वच्छलेकडे न बघता म्हणाला, "काका म्हणतेत ते खोटं न्हाई, आक्का. नाव लागायला वर्षं जातेत. कुणाकुणाचे जन्म जातेत."

"मी म्हणते न्या एकदाचं," भिवराबाई म्हणाल्या. "न्हाईतर उकिरड्यावर टाका. वाळकं झाड दारात आन् घरात जानकी गरवार. चांगलं हाय का ते?"

भिंतीला टेकून बसलेली अर्जुनरावाची बायको जानकी एरवी मोठ्यांत बोलत नसे. ती म्हणाली, "मला त्याचं काई न्हाई वाटत, आत्याबाई. मामंजी रोज सकाळी मला त्याच्याजवळ बसवायचे. म्हणायचे, बग, किती हाल झाले पर ऱ्हायलंय का न्हाई उभं? तू बी ऱ्हाशील."

"तुला कुणी इच्यारलं?" अर्जुनराव म्हणाला.

"कुणीच न्हाई," जानकी म्हणाली. "म्हून तर सांगितलं."

बद्रीनाथकाका खो-खो हसले. "दादा गेले पर घरात एकेकाला बोलायला शिकवून गेले!"

वच्छला उठली. अंगणात गेली, धावड्याच्या एका बारीक काडीवर नख ओढलं आणि सगळ्यांना दाखवलं. सालीखाली पोपटी ओल होती.

"वाळलेलं न्हाई. जिवंत हाय," ती म्हणाली. "पर उद्या गाडीत घातलं तर बीडला पोचायच्या आत मरंल. मुळं पाण्यात कुजायला लागलीत. वास येतोय."

"पाण्यानं कुटं झाड कुजतंय?" भिवराबाई म्हणाल्या.

"ह्या दिवसांत कुजतं, आत्या. ते निजलेलं आस्तंय. निजलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर काय व्हईल?"

भिवराबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी मी मारलं व्हय गं माझ्या भावाचं झाड?"

"न्हाई, आत्या."

"मंग कुणी? पयला तांब्या माझाच व्हता."

वच्छला म्हणाली, "मारलं कुणीच न्हाई. अजून मेलंच न्हाई. सुतक फिटलंय, आता उकरायला हरकत न्हाई. मी आत्ता काढते बाहेर. पाच माणसांनी हात लावा म्हंजी झालं."

"आन् जगलं तर?" काकांनी विचारलं.

"जगलं तर साहेबाला," अर्जुनराव म्हणाला. वच्छलेनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला हे बोलताना बरं वाटत नव्हतं, हे तिला दिसलं. पण शब्द त्यानं माघारी घेतला नाही. ती खुरपं आणायला वळली. आधी झाड, मग साहेब.

*

डोणीच्या कडेनं वच्छलेनं खुरपं फिरवलं. अर्जुनरावानं बाह्या सरसावून एका बाजूनं खोड धरलं, काकांनी धोतर खोचून दुसऱ्या बाजूनं. भिवराबाई न बोलावताच येऊन उकिडव्या बसल्या आणि हातानं चिखल ओरपू लागल्या. झाड वर आलं तसा नासक्या पाण्याचा वास अंगणभर पसरला.

"या अल्ला!" काका नाक धरून म्हणाले. "साहेबाला हे दिलं असतं तर वतन ऱ्हायलं बाजूला, गर्दन गेली असती."

डोणीच्या तळात वच्छलेचा हात कशाला तरी अडला. तिनं ओढलं. चिंधी होती. दुसऱ्या भोकातही चिंधी होती, तिसऱ्यातही. पाणी निघून जायला वाटच नव्हती. तिनं चिंध्या तळहातावर धरून पाहिलं. हिरव्या खणाच्या कपड्याच्या होत्या, आणि आत्यांच्या चोळीचा खण तिनं ओळखला.

भिवराबाई खाली मान घालून म्हणाल्या, "मीच कोंबल्या. लोकं पाणी घालायचे आन् ते खालून वाहून जायचं. मला वाटलं, वाया चाललंय. त्याला पोचत न्हाई. नवी चोळी फाडली गं त्यासाठी."

वच्छलेच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. पण ती बोलण्याआधी माजघराच्या उंबऱ्यातून तुळजाबाईंचा आवाज आला.

"पोचलं त्याला, वन्सं."

तुळजाबाई तेराव्यापर्यंत कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. आता त्या उठून अंगणात आल्या, पदर खोचला, आणि काकांना म्हणाल्या, "भावजी, सरका. तुमाला चिखलाची सवय न्हाई." काका सुटल्यासारखे झाले आणि हात धुऊन पुन्हा पान जुळवू लागले. तुळजाबाईंनी खोड दोन्ही हातांनी धरलं, अंघोळ घालताना लेकरू धरतात तसं.

वच्छलेनं आप्पांचा जुना अडकित्ता घेतला. सुपारी सोडून आप्पा तो सगळ्याला वापरत. काळी पडलेली, बोटाखाली चिरडणारी मुळं ती कापत गेली. कापल्यावर आत पांढरं दिसलं की थांबायचं. उजवीकडची मुळं घट्ट होती. डावीकडची जवळजवळ सगळीच गेली. तिचा हात थांबला.

"काय झालं?" अर्जुनरावानं विचारलं.

"ह्या बाजूची मुळं ज्या फांदीला पोसत व्हती ती फांदी काढावी लागंल. न्हाईतर उरलेल्या मुळांवर सगळा भार येईल. खाली जेवढं गेलं तेवढं वर ठिवता येत न्हाई."

"मंग काढ की."

ती डाव्या बाजूची, पोकळीवरची लांब फांदी होती. धोतराची पट्टी अजून जागेवर होती, सुतळीला दगड लटकत होता. आप्पांच्या हातचं शेवटचं काम. वच्छलेनं अडकित्ता खाली ठेवला आणि कोपऱ्यातली करवत घेतली. ती फांदीला लावली. पुन्हा काढली.

"मला न्हाई व्हायचं," ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "आप्पांनी मला त्या घरातून माघारी आणलं. मी त्यांना कवा काई म्हणले न्हाई. त्यांच्या हातची एक फांदी बी मला राखता येऊ नये?"

खोड तसंच घट्ट धरून तुळजाबाई म्हणाल्या, "तुला त्यांनी न्हाई आणलं."

भिवराबाईंचे चिखलाचे हात जागच्या जागी थांबले.

"मी सांगणार नव्हते कवा," तुळजाबाई म्हणाल्या. "पर ही फांदी कापायची ऱ्हाईल त्यापायी, म्हून सांगते. तुज्या सासरकडची कासारीण आलती आपल्याकडं बांगड्या भरायला. म्हणली, तुमच्या लेकीच्या हातात बांगडी तर न्हाईच, आता मनगट बी ऱ्हायलं न्हाई. मी ह्यांना म्हणले, आणा. हे म्हणले, दिल्या घरी ऱ्हावं लेकीनं, देशमुखाची लेक माघारी आली तर लोक काय म्हणतील. वाईट नव्हते ते. सगळी म्हणायची तेच म्हणले. मी भांडले न्हाई. दुसऱ्या दिशी झुंजुमुंजू गाडी जुंपाया लावली, पडदा सोडला, आन् गाडीवानाला म्हणले, हाक."

"एकटी?" बद्रीनाथकाकांच्या हातातलं पान तसंच राहिलं. "वैनी, देशमुखाच्या घरची बाई, एकटी?"

"एकटी न्हाई. ह्याला मांडीवर घेतलंतं." त्यांनी अर्जुनरावाकडे मान केली.

अर्जुनराव एकदम म्हणाला, "मला आठवतंय! नदीपस्तोर आप्पा मागून पळत आलते. पटका हातात, आन् एकाच पायात वहाण. मला वाटलं शर्यत लागलीय. मी पडद्याआडून टाळ्या वाजवल्या."

भिवराबाईंच्या तोंडून फुर्रकन हसू फुटलं. मग सगळेच हसले, तेराव्याच्या दिवशी, उघड्या अंगणात. तुळजाबाईसुद्धा.

"नदीत गाडी थांबली," त्या पुढे म्हणाल्या. "हे कमरेएवढ्या पाण्यात उभे. म्हणले, लोक काय म्हणतील? मी म्हणले, लोकांना म्हणू द्या, तुमी फकस्त एक म्हणा, माझी लेक न्यायला आलोय. दारात मला बोलायची रीत न्हाई, म्हून तेवढं तुमी बोला. ह्यांनी हातातला पटका डोक्याला बांधला. मग गाडीत चढून बसले."

वच्छलेला ती सकाळ आठवली. दारातला आप्पांचा आवाज. बाहेर पडदा सोडलेली गाडी, आणि गाडीत एका कोपऱ्यात आई, तोंड बाजूला वळवून बसलेली. परतीच्या सगळ्या वाटेवर आई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आईला आपलं येणं आवडलं नाही, असं वच्छलेनं त्या दिवशी ठरवलं होतं आणि मग ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. घरातली सगळी पुस्तकं तिनं उलगडून वाचली, आणि शेजारच्या चुलीपाशी बसलेलं हे एक माणूस मुखपृष्ठावरूनच बाजूला ठेवलं.

"तू वाटेत बोलली का न्हाईस?" तिनं विचारलं.

"बोलले असते तर रडले असते. आन् रडले असते तर ह्यांचा धीर सुटला असता," तुळजाबाई म्हणाल्या. "पर एक खरं. एकदा म्हणले तवापास्नं त्या शब्दावरून ते कवा हटले न्हाईत. तुला शिकवलं. माझ्याच्यानं ते झालं नसतं. मला अक्षर कुटं येतंय? मी आणलं, त्यांनी राखलं. आता काप. माझे हात भरून आले."

वच्छलेनं करवत लावली. लाकूड टणक होतं, वेळ लागला. फांदी सुटली तेव्हा दगड आधी जमिनीवर आला. अर्जुनरावानं फांदी झेलली आणि जानकीच्या हातात दिली. तिनं ती कुठे ठेवायची हे कुणाला विचारलं नाही; आत घेऊन गेली.

मग सगळे कामाला लागले. भोकं मोकळी केली. भिवराबाईंनी चाळणी धरली, काका मुरुमाची पाटी घेऊन आले आणि वाटेत तीनदा टेकले. मुरूम, विटांचा चुरा, थोडी नदीची रेती. शेण नाही, शेतातली काळी माती नाही, ती पाणी धरून ठेवते. वच्छला काडीनं मुळांच्या फटीतून चुरा आत सरकवत गेली. झाड आता वेगळंच दिसत होतं. डावी बाजू उघडी पडली होती, पोकळी समोर आली होती. आप्पांच्या मनातलं ते रूप नव्हतं. पण पाहता पाहता वच्छलेला वाटलं, कपारीत असताना ते असंच दिसत असावं.

"काका," अर्जुनराव हात झटकत म्हणाला, "साहेबाला सांगा, झाड आजारी हाय. हलवता येत न्हाई."

"आन् बरं झालं तर?"

"तरी न्हाई."

"अन् वतन?"

"लागंल तवा लागंल. माझ्या आईनं बापाला नदीत उभं केलं, अन् मी एका साहेबाला 'न्हाई' म्हणू नये? काय म्हणतील लोक?"

भिवराबाई म्हणाल्या, "बद्री, साहेबाला वैशाखात पाटीभर गावरान आंबे दे. आंबा चोखताना माणसाला झाडबीड काई आठवत न्हाई. कुटल्या बी जातीचं माणूस असू दे."

"हे मातर लाखमोलाचं बोललीस, आक्का," काका म्हणाले, आणि इतका वेळ ओसरीवर राहून गेलेलं पान एकदाचं तोंडात टाकलं.

सगळे हात-पाय धुवायला गेले. भिवराबाईंनी डोणीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि तांब्या पालथा घालून ठेवला. जगेल की नाही हे चैत्र सरेपर्यंत कळणार नव्हतं. वच्छलेनं ओला हात डोणीवरून फिरवला, एवढंच.

तुळजाबाई न्हाणीच्या दगडावर बसून नखांतली माती काढत होत्या. बोटं ताठली होती. नीट वळत नव्हती. वच्छला त्यांच्यासमोर बसली, त्यांचे हात आपल्या हातात घेतले आणि चोळून धुऊ लागली. आईच्या हातांना असा हात लावून किती वर्षं झाली होती, तिला सांगता आलं नसतं.

"ऱ्हाऊ दे. मी धुते," तुळजाबाई म्हणाल्या.

"थांब. मला काई म्हणायचंय."

"माती निगंल मंग म्हण."

"न्हाई, आत्ताच म्हणते. न्हाईतर ऱ्हाऊन जाईल. मागल्या खेपेला ऱ्हाऊनच गेलं." तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं. या वेळी आईनं तोंड वळवलं नाही. मग वच्छला म्हणाली, आणि ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई, तू मला न्यायला आलीस. लई बरं केलंस. तू आलीस म्हून मी हाय."